‘भारतीय रक्ता’चा निवाडा करण्याआधी मोजपट्टी तपासा

देशातील विज्ञानवार्तांमध्ये एक वाक्य अलीकडे वारंवार भेटते: ‘भारतीयांची रोगप्रतिकारशक्तीच वेगळी आहे.’ जानेवारी २०२५ मध्ये जीनोमइंडिया प्रकल्पाची माहिती संशोधकांसाठी खुली झाली. त्याच वर्षी भारतासह पाच आशियाई देशांतील ६१९ व्यक्तींच्या प्रतिकारपेशींचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध झाला. दोन्ही कामे मोलाची आहेत आणि माझा आक्षेप त्यांना नाही. आक्षेप आहे तो अशा कामांतून ‘भारतीय रक्त’ नावाची गूढ वस्तू घडवणाऱ्या मथळ्यांना. हा गोंधळ किती महागात पडू शकतो, हे एचआयव्हीच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

एचआयव्ही प्रामुख्याने सीडी-४ पेशींवर हल्ला करतो. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात. हा पल्ला मुख्यतः पाश्चात्त्य लोकसमूहांवरून ठरला. पुढे भारत, चीन आणि इथिओपियात निरोगी लोकांची मोजणी झाली, तेव्हा सरासरी त्या मानाने कमी आढळली. इथिओपियात तर ५०० च्या खाली आकडा असलेली, संसर्ग नसलेली माणसेही आढळली. म्हणजे फरक आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. वाद आहे तो त्याच्या कारणाचा.

येथे मथळे तत्काळ ‘जनुके’ म्हणून मोकळे होतात. पण इथिओपियातून इस्राएलमध्ये स्थलांतरित झालेल्यांचा अभ्यास वेगळे सांगतो. नुकत्याच आलेल्यांत सीडी-४ पेशी कमी आणि प्रतिकारयंत्रणा सतत उद्दीपित अशी स्थिती होती. तिचा संबंध आतड्यांतील जंतांच्या दीर्घ संसर्गाशी आढळला. तेथे काही वर्षे राहिलेल्यांचे चित्र मात्र स्थानिकांच्या जवळ गेलेले होते. जनुके तीच राहिली. पाणी, स्वच्छता आणि परजीवी बदलले. जनुकांचा वाटा शून्य आहे, असे याचा अर्थ नव्हे. पण ज्याला आपण वंशाची खूण समजतो, ती पुष्कळदा सांडपाण्याच्या व्यवस्थेची खूण असते.

दुसरा युक्तिवाद सीसीआर-५ या जनुकाचा. उत्तर युरोपात साधारण शंभरातील एका व्यक्तीत या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एक तुकडा गळालेला असतो, आणि एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना तिच्या पेशींत शिरता येत नाही. भारतात हा बदल अत्यंत विरळ. मग युरोपीय सुरक्षित आणि आपण दुबळे? उरलेल्या नव्याण्णवांना त्या एकाचे संरक्षण मिळत नाही. उलट, भारतातील प्रौढांत एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे म्हणून ‘आपले रक्त बळकट’ म्हणणाऱ्यांनी मिझोरामकडे पाहावे. तेथे ते अडीच टक्क्यांहून अधिक आहे. त्यामागे सामायिक सुयांतून घेतले जाणारे अमली पदार्थ आणि असुरक्षित लैंगिक संबंध आहेत. जो रक्ताचा सिद्धान्त आज देशाचा गौरव करतो, तोच उद्या एखाद्या राज्यातील माणसांवर कलंक लावील. देशात २०१० पासून नवे संसर्ग चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. एवढ्या काळात लोकसंख्येची जनुके बदलत नाहीत.

भौतिकशास्त्राच्या पहिल्या प्रयोगातच विद्यार्थ्याला उपकरणाची शून्य-त्रुटी तपासायला शिकवतात. वैद्यकातही तीच शिस्त हवी. ज्याचा मूळ आकडा १००० होता तो २०० वर आला, तर त्याने पाचातले चार भाग गमावले. मूळ ६०० असलेल्याने दोन-तृतीयांश गमावले. अहवालावरचा आकडा मात्र एकच. शिवाय तो दिवसाच्या वेळेनुसार, धूम्रपानाने, साध्या तापानेही हलतो.

१ एप्रिल २००४ रोजी भारतात मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा लक्षणे नसलेल्यांना औषध मिळण्याची रेषा २०० होती. पुढे ती ३५० आणि मग ५०० झाली, आणि २०१७ मध्ये रेषाच पुसली गेली. ती ‘भारतीय रक्ता’च्या शोधाने पुसली नाही. भारतासह ३५ देशांतील ४,६८५ रुग्णांवर झालेल्या ‘स्टार्ट’ चाचणीने २०१५ मध्ये दाखवून दिले की, आकडा ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केल्यास गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात. सरासरीवरून तर्क लढवण्याऐवजी थेट प्रयोग केला, म्हणून उत्तर मिळाले.

तरीही प्रगत आजार ओळखण्यासाठी २०० ची रेषा आजही वापरात आहे. म्हणून मागणी साधी आहे. निरोगी भारतीयांचे संदर्भ-पल्ले प्रदेश, वय आणि लिंगानुसार मोठ्या नमुन्यावर मोजा व ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजा. प्रत्येक तपासणी-अहवालावर छापलेला पल्ला कोणत्या लोकसमूहावरून घेतला, ते लिहा. आणि विद्यार्थी मित्रहो, ‘भारतीयांत अमुक पेशी कमी’ असे वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा: नमुना कोणाचा, दोन समूहांतले आकडे एकमेकांत किती मिसळतात, आणि आहार-संसर्गाचा हिशेब केला का? उत्तर नसेल, तर ती बातमी विज्ञानाची नव्हे, कुंडलीची समजावी.