न्यायला कोण येणार?

मागच्या महिन्यात वाशीमहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्यांची लेक गिरगावात राहते, तिचे दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटलंय, म्हणून आईनेच तिकडे जायचं ठरलं. नागपूरहून विमानाचं तिकीट काढलंय. यजमानांना रजा नाही, जावयांची नोकरी अशी की ऐन वेळी निघता येईल याचा भरवसा नाही. बाई लिहितात, ‘विमानाची भीती नाही हो वाटत. तिथे कुठे बसायचं, पट्टा कसा बांधायचा, सगळं सांगतात. पण उतरल्यावर गिरगावात पोचायचं कसं? न्यायला कोणी आलंच नाही तर?’

पत्र वाचलं आणि मला माझा २०२३ चा जुलै आठवला. तो आधी सांगते, मग रस्ता सांगते.

मी मूळची गिरगावची. बी.ए. केलं ते पार्ल्याच्या कॉलेजात. म्हणजे तीन वर्षं रोज सकाळी चर्नी रोडला लोकल पकडायची, पार्ल्याला उतरायचं, दुपारी परत. वर्गात बसलं की डोक्यावरून विमानं जायची आणि सर दोन मिनिटं बोलायचे थांबायचे. पुढे लग्न होऊन नागपूरला आले, मुलं झाली, एका शाळेत अर्धवेळ शिकवायला लागले. माहेरी जायचं ते रात्रीच्या गाडीने, आणि दादरला कोणी ना कोणी न्यायला यायचंच. हळूहळू ती सवयच झाली. मुंबईत मी एकटीने फिरले आहे, ही गोष्ट सासरच्यांना तर ठाऊकच नव्हती, पण मीही विसरून गेले होते.

त्या जुलैत आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी साडेतीनला ऑपरेशन ठरलं. ह्यांनी धावपळ करून विमानाचं तिकीट काढलं. धाकटी सहा वर्षांची, तिला बरोबर घेतलं. निघताना सासूबाईंनी बजावलं, ‘मामेभाऊ गाडी घेऊन येतोय ना? तो येईपर्यंत जागेवरून हलू नकोस.’ मीही मान डोलावली.

दीड वाजता विमान उतरलं. बाहेर पाऊस कोसळत होता. भाऊ गोरेगावहून निघाला होता, पण अंधेरीच्या सबवेत पाणी भरलं आणि तो तिथेच अडकला. दर दहा मिनिटांनी त्याचा फोन, ‘ताई, निघतोच आहे.’ मी बाकावर बॅगांवर हात ठेवून बसलेली. एक तास गेला, सव्वा तास गेला. शेवटी एक गृहस्थ जवळ आला. ‘कुठं जायचं ताई?’ म्हणाला आणि बॅगच उचलून चालायला लागला. गाडी कोणाची, भाडं किती, काही विचारायचं सुचलं नाही. मध्येच गाडी थांबवून त्याने अठराशे मागितले. मांडीवर पोर झोपलेली, बाहेर पाणी; दिले. पोचले तेव्हा सव्वाचार वाजले होते. आईला आत नेऊन पाऊण तास झाला होता.

ऑपरेशन चांगलं झालं. आई आज काठी घेऊन घरात हिंडते. पण शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी ती मला काय म्हणाली असेल? ‘पार्ल्याला उतरली होतीस ना गं? मग स्टेशनवर का नाही गेलीस?’

खरंच, का नाही गेले? मी उतरले होते ते टर्मिनल एकला. तिथून पार्ले स्टेशन रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. पावसात लोकल उशिरा धावली असती, पण ज्या गाडीने मी तीन वर्षं गेले-आले, ती मला चर्नी रोडला सोडणारच होती. पण ते डोक्यातच आलं नाही. मला ‘न्यायला येणार’ होते ना!

तर आता रस्ता. आणि तो घरीच, बॅग भरायच्या आधी, कागदावर लिहून घ्यायचा.

पहिली गोष्ट, तिकीट नीट वाचा. मुंबईला आता विमानतळ एक राहिलेला नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि त्या डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. तिकीट काढणाऱ्याने स्वस्त मिळालं म्हणून तिथलं काढलं असेल, तर खाडीपलीकडून गिरगावला यायचं आहे हे आधी कळलेलं बरं. मी खाली सांगते आहे ते जुन्या, सांताक्रूझ-सहारच्या विमानतळाबद्दल. तिथेही दोन टर्मिनलं. एक नंबरचं पार्ल्याच्या बाजूला, दोन नंबरचं अंधेरीच्या बाजूला सहारला. ही दोन्ही काही शेजारी-शेजारी नाहीत, मध्ये गाडीचा रस्ता आहे. न्यायला आलेला माणूस एकीकडे आणि आपण दुसरीकडे, असा घोळ रोज होतो. तिकिटावर नंबर लिहिलेला असतो, तो पाहून ठेवा.

सामानाचंही आताच सांगते. लेकीकडे जायचं म्हणजे संत्र्याची बर्फी, सांडगे, डिंकाचे लाडू आलेच. लोणचं मात्र हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीला ठेवून घेतात. बरणीचं तोंड प्लास्टिकने बांधून, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत घाला. आणि बॅगा अशा भरा की एकटीला उचलता येतील. दोन हात, दोन बॅगा. तिसरी पिशवी घेतलीत की कोणीतरी ‘द्या ताई, मी धरतो’ म्हणतोच. माझं तसंच झालं. सुटे पैसे छोट्या बटव्यात वेगळे ठेवा, गर्दीत मोठी पर्स उघडायची वेळ येऊ देऊ नका.

उतरल्यावर पट्ट्यावरून बॅगा घेतल्या की लगेच दाराकडे धावू नका. आतच बाथरूमला जा, पाण्याची बाटली भरून घ्या, मुलांना काही खायला द्या. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत येऊ देत नाहीत.

आता गिरगावला जायचे तीन मार्ग. सगळ्यात सोपा म्हणजे भुयारी मेट्रो. ही तीन नंबरची लाईन, आरे ते कफ परेड, साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. तिचा पहिला तुकडा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि गिरगाव धरून शेवटचा भाग ऑक्टोबर २०२५ मध्ये. दोन्ही टर्मिनलांना तिचं आपापलं स्टेशन आहे आणि गिरगावलाही आहे. मध्ये गाडी बदलायची नाही. टर्मिनल दोनला कफ परेडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की सोळावं स्टेशन गिरगाव. दादर, सिद्धिविनायक, वरळी, महालक्ष्मी करत गाडी पुढे जाते. ग्रँट रोड आलं की उठून उभं राहायचं.

गेल्या डिसेंबरात मी मुद्दाम हाच मार्ग धरला. धाकटी आता मोठी झालीये, तिची बॅग तीच ओढत होती. टर्मिनल दोनच्या बाहेर पडल्यावर स्टेशन अगदी दारात नाही, पाट्या बघत थोडं चालावं लागतं. एका पाटीपाशी मी चुकलेही. तिथल्या पोलीसबाईंना विचारलं, त्यांनी हात करून दाखवलं. तिकीट फोनवर निघतं म्हणतात, पण मी आपली खिडकीशी गेले आणि रोख पैसे दिले. या लाईनीचं या टोकापासून त्या टोकापर्यंतचं भाडं ७० रुपये, त्यामुळे आपल्याला त्याहून जास्त पडायचा प्रश्नच नाही. (अठराशे रुपये आठवले, हो!) बॅगा यंत्रातून जातात, पुढे लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. बॅगा असताना लिफ्टच बरी. पाऊण तासाच्या आत आम्ही गिरगावात होतो. वर गणपतीची मिरवणूक असो, भुयारातल्या गाडीला त्याचं काही नाही. फोनचं मात्र तसं नाही. तो खाली लागेलच असं धरू नका, घरी काय कळवायचं ते वरच कळवून टाका.

जमिनीखालून वर आले तर जगन्नाथ शंकरशेट रस्ता. माझा शाळेचा रस्ता! क्षणभर ओळखेचना. या स्टेशनासाठी इथल्या किती जुन्या इमारती रिकाम्या झाल्या. २०१५ साली गिरगावकर आणि काळबादेवीकर रस्त्यावर उतरले होते, आमच्या चाळीतलेही होते त्यात. आई अजूनही ‘त्या मेट्रोत मी बसायची नाही’ म्हणते. मला मेट्रो आवडली आणि ती बांधताना उठून गेलेल्या मैत्रिणींची घरंही आठवली. दोन्ही खरं आहे, त्याला काय करणार.

मेट्रोची अडचण एकच, ती रात्रभर नसते. सकाळी सहाच्या सुमाराला सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमाराला टोकावरून शेवटची गाडी सुटते. विमान रात्री दहानंतर उतरणार असेल तर मेट्रोच्या भरवशावर राहू नका. विमानाला उशीर होतोच, तेही धरून चाला.

रात्रीला टॅक्सी. पण ती बाहेर येऊन हाका मारणाऱ्याची नव्हे. प्रीपेड टॅक्सीची खिडकी असते. तिथे ‘गिरगाव’ सांगायचं, बॅगा किती ते सांगायचं, पैसे भरून पावती घ्यायची. पावतीवरचा नंबर आणि गाडीचा नंबर जुळवून मगच बसायचं. आणि पावती ड्रायव्हरच्या हातात द्यायची ती घराशी उतरल्यावर, आधी नाही. सागरी सेतूवरून नेऊ का, असं तो विचारील. त्याचा टोल आपल्याला पडतो, म्हणून ते निघायच्या आधीच बोलून घ्या. सेतूवरून पुढे वरळीहून किनारी रस्त्याने मरीन ड्राइव्हला निघता येतं, आणि तिथून गिरगाव हाकेवर. हा रस्ता २०२५ च्या जानेवारीत सेतूला पुरता जोडला गेला. पूर्वी पेडर रोडला रखडावं लागे, ते टळतं. फोनवरून मागवायची गाडी हवी असेल तर ती ठरलेल्या जागीच येते, दारात नाही. तिचा नंबर जुळवायला विसरू नका. गाडी कुठलीही असो, बसल्या-बसल्या घरी फोन करून ड्रायव्हरला ऐकू येईल असा तिचा नंबर सांगावा. भीती आहे म्हणून नव्हे, पण सांगावा.

रिक्षावाल्याला मात्र ‘गिरगाव’ म्हणू नका. रिक्षा वांद्र्याच्या पुढे शहरात जात नाही. ती घ्यायची ती लोकलच्या स्टेशनापर्यंत: टर्मिनल एकहून पार्ले, दोनहून अंधेरी. चर्चगेटकडे जाणारी स्लो लोकल घ्यायची, बायकांच्या डब्यात बसायचं, चर्नी रोडला उतरून पूर्वेला यायचं. पश्चिमेला गेलात तर समोर समुद्र दिसेल, म्हणजे चुकलं म्हणून समजा. पैशाच्या हिशोबाने हाही मार्ग स्वस्त आहे. पण सकाळी आठ ते अकरा चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्यांत मुंगीलाही जागा नसते. बॅगा घेऊन त्या वेळी अजिबात चढू नका, मी गिरगावची असूनही चढत नाही. संध्याकाळी सगळी गर्दी उलट्या दिशेला, त्यामुळे त्या वेळी चर्चगेटकडची गाडी बरी मिळते.

वाशीमच्या ताईंनी पत्रात विमानाची वेळ लिहिली आहे, दुपारी तीनची, टर्मिनल दोन. म्हणजे तुम्हाला मेट्रोच. जावयांना रजा काढून विमानतळावर बोलावू नका. त्यांना सांगा, जमलं तर गिरगाव स्टेशनच्या वरच्या दाराशी उभे राहा, बॅग घ्यायला. त्यांना नाहीच जमलं, तर लेकीच्या घराच्या खुणा आजच फोन करून लिहून घ्या: इमारतीचं नाव, कुठल्या वाडीत, जवळचं देऊळ किंवा दुकान. गिरगावात वाडीचं नाव सांगितलंत की कोणीही घरापर्यंत आणून सोडतं. आणि लोणच्याची बरणी, परत सांगते, मोठ्या बॅगेत.