प्रलोभन कोणाचे?

मध्य प्रदेशात २०२१ साली धार्मिक स्वातंत्र्याचा नवा कायदा झाला आणि १९६८ सालचा जुना कायदा इतिहासजमा झाला. या नव्या कायद्यात 'प्रलोभन' असा एक शब्द आहे. भेटवस्तू, रोख पैसा, नोकरी, एखाद्या धार्मिक संस्थेच्या नावाजलेल्या शाळेत शिक्षण, अधिक चांगले राहणीमान, एवढेच नव्हे तर देवाच्या प्रसन्नतेचे आश्वासनसुद्धा, हे सारे या एका शब्दाच्या पोटात घातले आहे. असे प्रलोभन दाखवून कुणाचा धर्म बदलला तर तुरुंगवास ठरलेला. ज्याला स्वतःच्या मनाने धर्म बदलायचा असेल त्यानेही साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे तसे लिहून द्यावयाचे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. 'अधिक चांगले राहणीमान' हे शब्द वाचताना मला कायद्याच्या पुस्तकाऐवजी आमचे विपणनाचे क्रमिक पुस्तक आठवले. त्यात हेच तर शिकवतात! गिऱ्हाइकाला वस्तू विकू नका, त्याला चांगल्या जगण्याचे स्वप्न विका. दर अर्ध्या तासाला दूरदर्शनच्या पडद्यावर आणि दर अर्ध्या मिनिटाला हातातल्या मोबाईलवर हे प्रलोभन चालू असते. त्यासाठी कुणाला साठ दिवस आधी कळवावे लागत नाही. निवडणुका आल्या की पक्षोपक्षांचे जाहीरनामे निघतात. त्यांत काय काय फुकट मिळणार याची यादी असते. तेही प्रलोभन ठरत नाही. मग एखाद्या पाळकाने तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना केली, तर तेवढ्याचेच नाव प्रलोभन का?

हा प्रश्न मला कुणा प्राध्यापकांनी दिलेला नाही, तो माझ्या घरातला आहे. माझे गाव तिगाव. नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याजवळचे हे स्टेशन बहुतेकांनी झोपेतच मागे टाकले असेल. संत्र्याचा आणि कापसाचा हा मुलूख. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. आम्ही मराठी बोलत राहिलो, सरकारी कागद हिंदीत येत राहिले. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी कागद हिंदीतच येतात. आई या सीमाभागातली, तिच्या माहेरी मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, म्हणून मी शिकायला इकडे आलो. मामांच्या चर्चमध्ये रविवारी आधी मराठी उपासना होते आणि मग कानडी. बाक तेच, पेटीवाले काकाही तेच. ज्या वादाने गेली सहा-सात दशके इथले राजकारण तापत ठेवले आहे, तो वाद त्या दोन उपासनांच्या मधल्या पंधरा मिनिटांच्या चहात मला अजून दिसलेला नाही. या मासिकाच्या दोन विभागांसारखाच तो प्रकार आहे म्हणा ना!

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोक ०.२९ टक्के भरले, म्हणजे हजारात पुरते तीनही नाहीत. एवढ्या मतांना निवडणुकीत किंमत नसते, पण दुसऱ्यांना भीती घालायला तेवढी माणसे पुरतात. हा हिशेब जुना आहे. १९५४ साली, नागपूर अजून राजधानी असताना, तिथल्या सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करायला समिती नेमली. १९५६ साली अहवाल आला, तो मिशनऱ्यांवर चांगलाच कडक होता. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरातच डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दीक्षा घेणाऱ्यांत स्वतः नियोगीही होते. मला यात विसंगती दिसत नाही. माणसाला आपले मन बदलण्याचा अधिकार असतो हे त्या न्यायमूर्तींना पुरते ठाऊक होते, एवढाच अर्थ मी घेतो. तो अधिकार आमच्या गावच्या शेतमजुरालाही असावा, इतकेच माझे म्हणणे.

परंतु वाचकहो, एकट्या सरकारला बोल लावून आमची सुटका होणार नाही. प्रलोभनाचा आरोप हवेतून आलेला नाही. दुष्काळात भाकरीसाठी धर्म सोडला, हे टोमणे आमच्या आज्या-पणज्यांनी ऐकले आहेत आणि त्यांतले काही खरेही असतील. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात हिंडल्या, म्हणजे आमच्याच भागात, आणि शेकडो निराधार मुलींना त्यांनी पुण्याकडे नेले. पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्या वाढल्या. त्याआधीच, १८९३ साली, शारदा सदनातल्या मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते असा गवगवा होऊन रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली होती. आता मला सांगा, उपाशी मुलीच्या हातावर भाकरी ठेवणे हे प्रलोभन की कर्तव्य? कायद्याच्या भाषेत याचे उत्तर सापडणार नाही. पण रमाबाईंनी पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. केडगावला विणकाम आले, तेलघाणा आला, शेती आली, छापखाना आला. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच बायकांनी छापले. ज्या मुलीला खिळे जुळवून पान लावता येते तिला भाकरीसाठी कुणाचे मिंधे राहावे लागत नाही, रमाबाईंचेसुद्धा नाही.

आणि रेव्हरंड टिळक! नारायण वामन टिळकांची गोष्ट तर या कायद्याला उलटीच पडते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचायला दिला. काय प्रलोभन म्हणावे ते एवढेच, एक पुस्तक. ते वाचून १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिळाले काय? नातेवाईक तुटले, जातीने टाकले, पत्नी काही काळ दुरावली. लक्ष्मीबाई पुढे परत आल्या त्याही आपले सोवळे सांभाळून. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या धाकाने नव्हे, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या कुणालाही कळेल. एकाच छपराखाली दोन धर्म नांदले, भांडले, हसले. आजच्या कायद्याच्या अर्जात असल्या घरासाठी रकाना नाही.

टिळकांचे मला सर्वांत मोठे वाटते ते त्यानंतरचे. बावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनशी जोडलेले राहून १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य एका बंधुत्वात यावेत. नोंदवहीत नाव कुणाच्या धर्माखाली आहे हे तिथे विचारायचे नाही. तू त्याच्यामागे चालतोस का, एवढेच विचारायचे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असे म्हणणारा हा माणूस, त्याने तो पूल मागे जाळला नाही. १९१९ साली ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. व्यवहारी माणूस म्हणेल, धंदा बुडाला. वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही प्रथम तसेच वाटते. भांडवल नाही, पगारी नोकर नाही, सभासदाची पावती नाही, तर संस्था चालणार कशी? पण प्रलोभनाच्या आरोपाला ख्रिस्ती माणसाने दिलेले याहून रोखठोक उत्तर मला तरी माहीत नाही. जिथे द्यायला काहीच नाही तिथे कोण कुणाला भुलवणार?

आणि आम्ही? आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याची पावती असते, शिष्यपण असतेच असे नाही. चर्चच्या जमिनींवरून न्यायालयात वर्षानुवर्षे खटले चालतात. पंचांच्या निवडणुकीत ग्रामपंचायतीलाही लाजवील अशी गटबाजी होते. नाताळचे तर काय विचारता! डिसेंबरात आमच्याकडे आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू असते, मजुरी हातात येते आणि ती नव्या कपड्यांत, रोषणाईत आणि ध्वनिवर्धकाच्या भाड्यात जाते. गेल्या काही वर्षांत हप्त्यावर मोबाईल घेण्याचा मुहूर्तही नाताळच झाला आहे. बाजाराला आमच्या सणाचे दुःख नाही, त्याने दिवाळीचेही तेच केले. गोठ्यात जन्मलेल्या बाळाचा सण साजरा करायला आम्ही कर्ज काढतो, याचे आम्हांला काहीच वाटत नाही, हे खरे दुःख.

शुभवर्तमानात येशूला अरण्यात तीन मोह होतात. भाकर, मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्याचा देखावा, आणि जगातली राज्ये. मला तर हे आजचेच वर्तमानपत्र वाटते. बाजार, तमाशा आणि सत्ता. त्याने तिन्ही नाकारले. आम्ही मात्र सत्तेच्या प्रलोभनाविरुद्ध, म्हणजे दुसऱ्यांच्या सत्तेच्या, निवेदने देतो आणि उरलेली दोन डोळे मिटून स्वीकारतो.

याला अपवाद आहेत. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस हिरव्या पट्ट्यावर इमारतींची धाड पडू लागली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई संरक्षण समिती' घेऊन उभे राहिले. त्या लढ्यात बिल्डर होते, पुढारी होते, गुंडगिरी होती, हे सगळे जाणतात. पण मोह खुद्द वसईकरांच्या, त्यांत ख्रिस्ती वाडीवाल्यांच्याही दाराशी आला होता. बापजाद्यांच्या केळीच्या वाडीचे एका रात्रीत लाखो रुपये होणार होते. स्वतःच्याच माणसांना 'विकू नका' म्हणणे हे परक्याविरुद्ध घोषणा देण्यापेक्षा कितीतरी अवघड. पुढे २०२० साली हेच फादर उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या झग्यावरून वाद घातला गेला. ते २०२४ साली वारले. वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचे 'सुबोध बायबल' उघडून पाहिले असेल, देव जाणे.

असो. गेल्या सुट्टीत गावी गेलो असता मंडळीच्या सभेत मी तीन गोष्टी सुचवल्या. नाताळच्या वर्गणीचा जमाखर्च उपासनेनंतर उभे राहून मोठ्याने वाचावा, ऐकायला कुणीही यावे. रोषणाईचे पैसे वाचवून एक पंगत घालावी आणि तिला शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलवावे, फक्त त्या दिवशी प्रवचन नको, पत्रके नकोत, म्हणजे कुणाला 'प्रलोभन' म्हणायला जागा राहणार नाही. आणि हप्त्याने वस्तू घेणाऱ्या पोरांना व्याजाचा खरा दर काढून दाखवायचे काम मला द्यावे.

आमचे एक ज्येष्ठ पंच म्हणाले, "काऊन रे बापू, आता घरचा हिशेब काय चौकात वाचाचा? अन् पंगत घातली त् ठाण्यात कोन जाईन, तू का?" त्यांची भीती खोटी नाही. नुसत्या प्रार्थनासभेवरून तक्रारी होतात, हे आम्ही ऐकतो. मी तर इकडे कॉलेजात असणार; चौकशी झाली तर ती त्यांची होईल. म्हणून पंगतीचा प्रश्न मी त्यांच्यावरच सोडला, आणि तो अजून अनिर्णित आहे. माझे मत मात्र तेच आहे. शेजाऱ्याला जेवायला बोलावताना कायद्याचे कलम आठवावे लागत असेल तर बोलवायलाच हवे, आणि आपण बोलावले नाही तर तो कायदा आपणच आपल्यावर लागू केला असे होईल.

व्याजाच्या दराचे काम मला मिळाले. हिशेब वाचण्याचा ठरावही दोन मतांनी मंजूर झाला. खजिनदारकाका गेल्या नाताळच्या पावत्या जमवत आहेत. मंडपवाल्याची तेवढी अजून मिळालेली नाही.