स्पॅनिशची जवळची वाट

सालामांका शहरातील एखाद्या बारमध्ये (न्याहारीची कॉफी मिळते त्या जागेसही तेथे बारच म्हणतात) आपल्याकडून नुकताच शिकावयास गेलेला विद्यार्थी सकाळी उभा राहतो आणि आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवून, मग त्याचा शब्दशः तर्जुमा करून, 'मला एक कॉफी मिळू शकेल काय' अशा अर्थाचे लांबलचक स्पॅनिश मोठ्या अदबीने उच्चारतो. तोवर शेजारचा वृद्ध गृहस्थ 'पोन्मे उन काफे' एवढेच म्हणून आपला पेला घेऊन मोकळाही झालेला असतो. हे तीन शब्द म्हणजे आपल्या टपरीवरच्या 'एक चहा टाक रे'चे सख्खे भावंड. त्यांत औद्धत्य नाही. 'कृपया' आणि 'धन्यवाद' यांचे नजराणे पदोपदी न देण्याची जी वहिवाट आपल्या घरांतून चालत आली आहे, तिच्याशी मिळतीजुळती ती रीत आहे. मराठी मनाला ती तत्काळ उमगावी. पण विद्यार्थ्याने मध्ये इंग्रजीचा अडत्या बसविलेला असतो आणि अडत्या आपली दलाली कापून घेतल्यावाचून राहत नाही.

इंग्रजी भाषकांसाठी रचलेल्या पुस्तकांत 'मे गुस्ता एल काफे' हे साधे वाक्य उलगडण्यासाठी बरीच शाई खर्ची पडते, कारण आवडणारी वस्तू कर्ता आणि आवड असणारा माणूस चतुर्थीत, ही रचना त्यांना उफराटी वाटते. 'मला कॉफी आवडते' असे जन्मभर म्हणत आलेल्या आपल्याला मात्र तीत समजावून घेण्याजोगे काही दिसत नाही, आणि 'मे गुस्तान लास नारांखास' म्हणताना क्रियापद अनेकवचनी का झाले, हे 'मला नारिंगे आवडतात' म्हणणाऱ्यास विचारावे लागत नाही. तो 'नारांखा' शब्दही संस्कृत 'नारंग' शब्दाचाच, फारसी आणि अरबीत मुक्काम करीत स्पेनला पोहोचलेला, वंशज आहे. 'तू' तर दोन्हीकडे 'तू'च. पगार, बादली, बिजागरी हे शब्द पोर्तुगीजांनी आपल्या पदरात टाकलेले असल्यामुळे, पैसे चुकते करणे या अर्थाचे 'पागार', तसेच 'बाल्दे' आणि 'बिसाग्रा' ही त्यांची स्पॅनिश भावंडे भेटली, की परमुलखात आजोळचे कोणी भेटल्यासारखे वाटते.

परकी भाषा इंग्रजीच्या आडवळणापेक्षा स्वभाषेच्या वाटेने लवकर गाठता येते, या मताला खुद्द सालामांकाची साक्ष काढता येते. 1218 साली स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठात शिकविलेल्या आंतोनियो दे नेब्रिखा यांचे कास्तिलियन भाषेचे व्याकरण 1492 साली त्याच शहरी छापले गेले. आधुनिक युरोपीय लोकभाषेचे हे पहिले मुद्रित व्याकरण. व्याकरण म्हणजे लॅटिनचेच, अशी समजूत असलेल्या त्या काळात, स्वतः लॅटिनचा गाढा पंडित असलेल्या या गृहस्थाने, स्वभाषेचे व्याकरण जाणणाऱ्यास लॅटिनही सुलभ होईल, असे प्रस्तावनेत प्रतिपादन केले.

मराठी सर्व ठिकाणी वाटाड्याचे काम करील असे मात्र नव्हे. स्पेनमध्ये विद्यार्थी अध्यापकासही पुष्कळदा 'तू' म्हणतात, आणि आपल्या जिभेवर तो शब्द येता येत नाही. कोठे 'तू' आणि कोठे आदरार्थी 'उस्तेद', हे कोणत्याही कोशापेक्षा तेथील माणसांत वावरूनच कळते. असे वावरणे घडते ते जेवणाच्या मेजावर. दुपारी दोन-तीनच्या सुमारास जेवण आटोपले तरी मंडळी मेजावरून उठत नाहीत. तासन्तास चालणाऱ्या या बैठकीस 'सोब्रेमेसा' असे नावच आहे, आणि पंगत संपल्यावर हात वाळेपर्यंत गप्पा मारणाऱ्यांना त्याचा अर्थ निराळा सांगणे नलगे. पण देशबांधवांच्या बिऱ्हाडी वरणभातावर ताव मारीत, इंग्रजी-हिंदीत सहा महिने काढून परतणाऱ्यास ही बैठक लाभत नाही, आणि मग पदरी उरते ते केवळ प्रमाणपत्र.

म्हणून स्पेनला निघालेल्या विद्यार्थ्यास इतकेच सांगणे, की बिऱ्हाड शक्यतो स्थानिक कुटुंबात करावे, जेवणानंतर लगेच उठू नये, आणि बोलण्यापूर्वी वाक्य मनात जुळवावेच लागले, तर ते मराठीत जुळवावे.