व्हिडिओ स्टुडिओंनी साठा एकत्र करावा

मालेगाव-भिवंडीत चार माग असलेला माणूस स्वतःचे सायझिंग काढत नाही. सूत सायझिंगवर जाते, बीम तयार होऊन येते. आपल्या वस्त्यांत लग्नाचे व्हिडिओ करणारे जे लहान स्टुडिओ आहेत, त्यांचा कारभार मात्र उलटा दिसतो. तीन कारागीर, तीन संगणक आणि प्रत्येकाची डिस्क वेगळी! शेवटची दुरुस्ती कोणत्या डिस्कवर आहे, हे विचारण्यातच अर्धा दिवस जातो.

आम्ही कापडवाले, हिशेब आधी मांडतो. फोर-के कॅमेऱ्याने १०० मेगाबिटच्या वेगाने चित्रण केले तर तासाला ४५ जीबी भरतात. दोन कॅमेरे सहा तास चालले की ५४० जीबी. साध्या डिस्कवरून एवढा माल एकदा उतरवायला सव्वा तास लागतो. तीन कारागिरांसाठी तीन वेळा उतरवा आणि मजुरी मोजा.

पूर्वी सामाईक साठा म्हणजे श्रीमंतांचा खेळ होता. २००५ मध्ये ॲपलने एक्ससॅन आणले तेव्हा नुसत्या सॉफ्टवेअरला दर संगणकामागे ९९९ डॉलर पडत. फायबरची कार्डे निराळी. आज जुना पण धडधाकट संगणक, चार डिस्क आणि ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही फुकट मिळणारी प्रणाली एवढ्यावर काम होते.

खरी मेख तारेत आहे. साध्या गिगाबिट तारेतून सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात. तिघांनी एकाच वेळी तीन-तीन कॅमेऱ्यांचे चित्रण लावले की ११२ एमबी लागतात, म्हणजे रस्ता तुंबला. सगळीकडे महाग तार टाकण्याची गरज नाही. साठ्यापासून स्विचपर्यंतची एकच तार १० गिगाबिटची घ्यावी, कारागिरांकडे जाणाऱ्या गिगाबिटच्याच राहू द्याव्यात. पुढे काम वाढले तर २.५ गिगाबिटचा स्विच आणि कार्डे घ्यावीत. कॅट-५ईची जुनी तार १०० मीटरपर्यंत तोही वेग पेलते. वायफायवर एडिटिंग करू नये. चालू काम शक्यतो एसएसडीवर ठेवावे, कारण साध्या डिस्कवर तिघे एकदम तुटून पडले की ती धापा टाकते.

चार डिस्क रेड-५ पद्धतीने बांधल्या तर एक बिघडली तरी माल शाबूत राहतो. पण कुणी चुकून फाइल पुसली तर ती चारही डिस्कांवरून पुसली जाते, हे दुकानदार तुम्हाला सांगणार नाही. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवीच, आणि यूपीएसही हवा. निकाह पुन्हा लावून चित्रण करता येत नाही!

एकाच इमारतीतल्या दोन-तीन स्टुडिओंनी मिळून एकच साठा घ्यावा, असे आमचे मत आहे. यावर हरकत येते ती जनान्यातल्या चित्रणाची, आणि ती रास्त आहे. लोक घरच्या बायकांची चित्रे तुमच्या भरवशावर देतात. त्याला इलाज आहे. प्रत्येक स्टुडिओचे फोल्डर वेगळे, प्रत्येक कारागिराचा पासवर्ड वेगळा, आणि जनान्याचे फोल्डर ज्याच्या हाती ते काम आहे त्यालाच उघडेल अशी परवानगी लावता येते. डिस्क खिशात घालून रिक्षाने फिरवण्यापेक्षा हे कितीतरी अब्रूचे आहे. पासवर्ड कोणाकडे राहील आणि काम दिल्यावर चित्रण किती दिवसांनी पुसायचे, हे मात्र भागीदारांनी पेटी घेण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे.