आधी मासा शिका, मग रॉड घ्या!

हॉस्टेलवर सध्या फिशिंगची क्रेझ आहे. कार्बनचा रॉड, चकचकीत रील, रबरी बेडूक! मी लहानपणापासून काकांबरोबर तेरणेवर गळ टाकत आलोय, म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. सामानाने मासा मिळत नाही, मासा ओळखल्याने मिळतो.

आपली मरळ घ्या. अमेरिकेतल्या बाससारखीच ती पाणवनस्पतींत दबा धरून बसते, म्हणून तिकडचा रबरी बेडूक इथेही चालतो. पण बांबूच्या काठीला जिवंत बेडकी लावली तरी ती येतेच! रॉड म्हणजे शेवटी कॅन्टिलीव्हर बीम आणि रीलचा ड्रॅग म्हणजे फ्रिक्शन क्लच. तंगुसाचा दोरा बहुधा गाठीपाशीच तुटतो. तेव्हा महागड्या रीलआधी गाठ शिका, आणि ती ओली करून आवळा.

आता खरा मुद्दा. पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं थव्याने वर येतात, खाली आई-बाप राखण करतात. त्या थव्यात गळ टाकला की मरळ हमखास झडप घालते. भुकेने नव्हे, पिल्लांसाठी. काही मित्र याला 'शुअर शॉट टेक्निक' म्हणतात. मी याला टेक्निक मानत नाही. राखणदार गेला की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. एका कालवणासाठी अख्खा थवा संपतो!

"खायचीच आहे, मग केव्हाही पकडली तर काय बिघडलं?" असं विचारतात. मित्रांनो, पुढच्या वर्षी गळ कुठे टाकणार? लाल थवा दिसला की काठी गुंडाळा. अनुभवी गळवाला तिथेच ओळखू येतो.