सपाट स्पीकर आणि आप्पांचे कान

स्पीकर चांगला की वाईट हे कसे ठरवावे, यावर आमच्या मित्रमंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो, कानांना गोड लागले म्हणजे झाले. दुसरा म्हणतो, कानांवर भरवसा कसला? माइक लावा, आलेख काढा, रेषा सपाट आली की स्पीकर पास! गेल्या दिवाळीपर्यंत मी या दुसऱ्या तटाचा कट्टर कार्यकर्ता होतो.

त्याला कारण माझा सपाट स्पीकर. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदी शंकू मागेपुढे होऊन हवा ढकलतो. सपाट स्पीकरला शंकू नाही, खोकेही नाही. हलक्या, ताठ फळीला ‘एक्सायटर’ नावाची लहानशी चकती चिकटवायची. तिची थरथर लाटांसारखी पसरते आणि सारी फळीच बोलू लागते. १९९० च्या दशकात ब्रिटनच्या ‘एनएक्सटी’ कंपनीने ही पद्धत गाजवली. माझी फळी मात्र फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलची, दोन फूट बाय दीड फूट. पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात दिले की तो ताठ होतो. एक्सायटर बरोबर मध्यावर लावू नये, कारण तेथून फळीचे पुष्कळसे कंप जागेच होत नाहीत. लांबी-रुंदीचे पाच भाग करून कडेपासून दोन भागांवर तो बसवला.

मोजणी रात्री, गच्चीवर. दिवसा आमच्या गल्लीत माइकला मागांच्या खटखटाटाशिवाय दुसरे काही ऐकूच येत नाही. ‘रूम ईक्यू विझार्ड’ नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर खर्जापासून टिपेपर्यंत एक लांब शीळ घालते आणि माइकने ऐकलेले रेषेत मांडते. ८,००० हर्ट्झनंतर रेषा कड्यावरून कोसळावी तशी खाली! म्हणून ८ ओहमचा ट्वीटर जोडला. आधी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर ट्वीटर ४,२०० हर्ट्झच्या आसपासच गाऊ लागला. त्या पट्टीत फळीही गात होती, त्यामुळे आलेखाला टेंगूळ आले. मग २.२ चा लावला, सुरुवात ९,००० च्या जवळ सरकली, टेंगूळ बसले. वाणिज्य शाखेच्या पोराने केलेले हे काम, त्यामुळे छाती फुगणे साहजिकच होते.

दुसऱ्या दिवशी आप्पांना बातम्या ऐकवल्या. ट्वीटर जोडून एकदा, काढून एकदा. ते म्हणाले, “दोन्ही एकच की रे.”

आप्पांनी तीस वर्षे यंत्रमागावर काढली. ‘सहा’ म्हटले तर त्यांना ‘दहा’ ऐकू येते. शेजारच्या अज्जी सरळ ‘केळसंगिल्ल’ म्हणून मोकळ्या होतात. आप्पा मात्र “नीट बोल की” म्हणून आमच्यावरच डाफरतात. मी त्याच फळीतून एकेक स्वर वाजवला. १,००० हर्ट्झ त्यांनी ओळखला, २,००० ही. ४,००० ला आवाज बराच वाढवावा लागला, ६,००० ला त्यांनी नुसती मान हलवली. ही डॉक्टरी तपासणी नव्हे, हे मला कळते. पण गोंगाटाने होणारा बहिरेपणा बहुधा ४,००० च्या आसपासच सुरू होतो, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे त्याच भागावर जगतात. आप्पांसाठी मी ९,००० च्या वरचे दुरुस्त करत बसलो होतो!

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नव्हे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. जी नोंद मुळात झालीच नाही, ती तेरजेत दिसत नाही. माझ्या आलेखात ऐकणाऱ्याची नोंदच नव्हती. म्हणून आता मी दोन्ही तटांशी भांडतो. आलेख हवाच, नाहीतर ते टेंगूळ मला कधी सापडले नसते. पण आधी कान मोजा.

मागाच्या खोलीत माझ्या फोनने ९५ डेसिबलच्या आसपास आकडा दाखवला. फोनवर शपथ घेता येत नाही. तरी कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० ची आहे. गल्लीत डोळ्यांची, साखरेची, रक्तदाबाची शिबिरे होतात. कान तपासलेले मी एकदाही पाहिले नाहीत. आपल्या महाविद्यालयाच्या सेवा योजनेने पुढचे शिबिर कानांचे, तेही कानतज्ज्ञ आणून, का घेऊ नये? सोबत मागवाल्यांना कानात घालायचे बोळे वाटावेत. ते काही फार महाग नसतात.

फळी आता आप्पांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर आहे आणि २,००० च्या आसपासचा आवाज थोडा वाढवला आहे. ट्वीटर काढलेला नाही. धाकट्या बहिणीला तो ऐकू येतो.