प्रसिद्धिपराङ्मुखता कुणाची?

या हाताने दिलेले त्या हातालाही कळू नये, ही आपल्याकडील दानाची रीत. सेवाकार्यात आयुष्य वेचणाऱ्यांनी तीच रीत अंगी बाणवली आणि प्रसिद्धिपराङ्मुखता हे कार्यकर्त्याचे भूषण ठरले. त्यामुळे 'मार्केटिंग' आणि 'ब्रँडिंग' हे शब्द कानी पडताच अनेक ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात. साबण आणि दंतमंजन विकण्याच्या युक्त्या अनाथाश्रमाच्या अंगणात कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नामागील भावना निर्मळ आहे. परंतु कार्यकर्त्याने स्वतःचे नाव मागे ठेवणे आणि संस्थेचे कार्यच समाजापासून झाकून ठेवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

महाराष्ट्राचा इतिहासही हेच सांगतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला अवघा एक पैसा मागितला. 'पैसा फंड' या दोन शब्दांतच योजनेचे सारे मर्म सामावले होते. ते समजावून सांगायला व्याख्यानाची गरज नव्हती. त्याच निधीतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. महर्षी कर्वे यांनी स्वतःचा बडेजाव कधी मिरवला नाही. पण संस्थेसाठी दारोदार फिरताना, तिचे काम पटवून देताना त्यांना संकोच वाटला नाही. १९१६ साली त्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली आणि दात्याच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लाभले. आजच्या परिभाषेत यालाच ब्रँडिंग म्हणतात!

आज हा विषय अधिक निकडीचा झाला आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. हा निधी मिळवू पाहणाऱ्या संस्थेला २०२१ पासून स्वतंत्र नोंदणीही आवश्यक झाली आहे. कंपनीचा अधिकारी अहवाल मागतो, आकडे मागतो, परिणाम विचारतो. ज्या संस्थेजवळ हे तयार असते, तिच्याकडे निधी वळतो. दुर्गम पाड्यावर वीस वर्षे वसतिगृह चालवणारा कार्यकर्ता मात्र हिशेबाची वही काखोटीला मारून बाहेरच बसून राहतो. त्याच्या मौनाची किंमत तो स्वतः मोजत नाही. ती त्या वसतिगृहातील मुले मोजतात.

अर्थात, या वाटेवर घसरण आहेच. १९८४-८५ च्या इथियोपियातील दुष्काळात भुकेल्या मुलांची छायाचित्रे जगभर झळकली, पैसा अपार जमला. पण माणसाच्या दैन्याचे प्रदर्शन मांडले गेल्याची टीकाही झाली. त्यानंतर १९८९ साली युरोपातील स्वयंसेवी संस्थांनीच अशा चित्रांविषयी आचारसंहिता स्वीकारली. ज्याला मदत करायची त्याचा स्वाभिमान विकून मिळवलेला पैसा सेवेचा नव्हे. जाहिरातीचा खर्च सेवेच्या खर्चाला गिळू लागला, तर ती संस्था उरत नाही, दुकान होते.

मग संस्थेचा 'ब्रँड' कशाने घडतो? संस्था काय करते हे एका वाक्यात सांगता यावे. वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब मागण्यापूर्वीच समोर ठेवावेत. शंभर रुपये देणाऱ्यालाही पावती जावी आणि वर्षाअखेर त्या शंभराचे काय झाले ते कळवणारे पत्र जावे. उणिवाही सांगाव्यात. यास मोठा पैसा लागत नाही, नेटकेपणा लागतो.

आणि इथेच मध्यमवर्गीय कुटुंबांचे कर्तव्य सुरू होते. देणगीचा धनादेश देऊन ते संपत नाही. घरात लेखापाल असेल तर त्याने परिसरातील एखाद्या संस्थेचे हिशेब लावून द्यावेत. शिक्षिका असेल तर तिने अहवाल लिहून द्यावा. संगणक जाणणाऱ्या तरुणाने रविवारचे दोन तास द्यावेत. कार्यकर्त्याने खुशाल पडद्याआड राहावे. त्याचे कार्य उजेडात आणण्याची जबाबदारी समाजाने उचलावी. दिवा लावणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नसले तरी चालेल, पण लावलेला दिवा टोपलीखाली झाकून ठेवण्यात कोणते पुण्य?